झाकण मिटल्यानंतर : एका अपुऱ्या तहनाम्याचा मागोवा

६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन त्याच्या जागी महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्यांचा अंमल सुरू झाला, तेव्हा राज्यात विजेचा तुटवडा इतका तीव्र होता की, सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन चाले आणि वीज केव्हा जाणार व केव्हा येणार याचे वेळापत्रक शाळकरी मुलांनाही मुखोद्गत असे. ज्या सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण उभे आहे, ज्याच्या पाण्यावर सुमारे १९६० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प चालतो आणि ज्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा फिरतात, त्या जिल्ह्यातील मुलांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास करावा, ही गोष्ट तेव्हाही मनाला लागत असे. याच वर्षांत आमच्या भागात लॅपटॉप आला. ज्या देशात वीज अखंड असते तेथे झाकण मिटताच यंत्राने निजावे आणि उघडताच जसेच्या तसे जागे व्हावे ही एक सोय असेल. परंतु ज्याच्या बॅटरीत दोन-अडीच तासांचा दम होता आणि पुढची वीज रात्री अकराला येणार होती, त्या वसतिगृहातील विद्यार्थ्याला ती निकडीची गरज होती.

आणि हा विद्यार्थी पुष्कळदा लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली वापरणारा असे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. या संस्थांच्या वसतिगृहांत मुक्त प्रणालींचा शिरकाव झाला तो काही अंशी तत्त्वनिष्ठेने आणि बराचसा खर्चाच्या विचाराने. उबुंटू या लिनक्स-प्रणालीची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये निघाली आणि तिच्या चकत्या २०११ पर्यंत मागणाऱ्याला टपालाने विनामूल्य मिळत. वालचंद महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप तर या विद्येचे एक छोटे पीठच ठरला आहे. चकती घालावी, प्रणाली बसवावी, मराठी अक्षरे नीट उमटतात याचा आनंद मानावा, आणि मग झाकण मिटावे. पुन्हा उघडल्यावर पडदा काळाच राही. पंखा फिरत असे, दिवा लुकलुकत असे, पण यंत्र कोणत्याही कळीला दाद देत नसे. न साठवलेला प्रकल्प-अहवाल गेला तो गेलाच.

याचे खापर पुढे अनेक वर्षे मुक्त प्रणालींच्या कर्त्यांवर फोडले गेले. ते अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेल्या एपीएम व्यवस्थेत यंत्राला निजवण्याचा व उठवण्याचा जवळजवळ सारा कारभार बायोस या फर्मवेअरकडे, म्हणजे यंत्रात कायम बसवलेल्या मूळ आज्ञावलीकडे, होता. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाची नवी संहिता प्रसिद्ध केली आणि हा कारभार कार्यप्रणालीच्या हाती दिला. हा एक तहनामा होता. यंत्र बनवणाऱ्याने आपल्या यंत्राचा तपशील ठरलेल्या सांकेतिक भाषेत फर्मवेअरमध्ये लिहून ठेवावा आणि कार्यप्रणालीने तो वाचून त्यातील हुकमांची तामिली करावी, असे त्याचे कलम. संहिता सर्वांना खुली होती. परंतु प्रत्येक कारखानदाराने आपला मसुदा तपासून घेतला तो विंडोजपुढे. विंडोजने ज्या चुका पोटात घातल्या त्या तशाच राहिल्या आणि लिनक्सने अक्षरशः कलमाबरहुकूम वागून पाहिले की यंत्र अडून बसे. जानेवारी १९९९ मध्ये बिल गेट्स यांनी लिहिलेले एक टिपण पुढे अमेरिकेतील एका खटल्याच्या दप्तरात उघड झाले. एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरते करता येतील काय, असा विचार त्यात बोलून दाखवला आहे. त्याप्रमाणे कृती झाली असे म्हणण्यास आधार नाही, म्हणून त्यावर आरोपाची इमारत उभारू नये. प्रत्यक्षात घडले ते मात्र असे की, फर्मवेअर कार्यप्रणालीला ‘तू कोण?’ असे विचारते तेव्हा आजही लिनक्सला आपण विंडोज असल्याचे सांगावे लागते. खरे नाव सांगितल्यास अनेक यंत्रे कधीच न तपासलेल्या वाटेने जातात.

झाकण मिटल्यावर आत काय होते हे एकदा जवळून पाहण्याजोगे आहे. प्रथम चालू असलेले सर्व कार्यक्रम जागच्या जागी गोठवले जातात. मग एकेक उपकरण, त्याच्यावर अवलंबून असलेली उपकरणे आधी या क्रमाने, बंद केले जाते. शेवटी एका विशिष्ट नोंदस्थानी खूण लिहिली की प्रोसेसरसह सारे थंड होते आणि केवळ स्मृतीला तग धरण्यापुरता विद्युत्पुरवठा उरतो. ही एस-थ्री अवस्था. तिचा खर्च सामान्यतः एक वॅटहूनही कमी. उठण्याचे काम अधिक बिकट. प्रोसेसर जागा होतो तो आपल्या बालपणीच्या सोळा-बिटी स्थितीत, पडद्याचे कार्ड कोणी चालते करून ठेवील याची हमी नसते, आणि मध्येच काही बिघडले तर बिघाडाची नोंद लिहायला जागाही नसते, कारण डिस्क अजून जागीच झालेली नसते. या अडचणीवर २००६ मध्ये लिनक्सचे मूळ कर्ते लिनस तोरवाल्ड्स यांनी काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. यंत्रातले घड्याळ छोट्या बॅटरीवर नेहमी चालू असते. तेव्हा प्रत्येक उपकरणाला हात लावण्यापूर्वी त्याची खूण त्या घड्याळाच्या तारखेतच कोरून ठेवावी. यंत्र अडकले की बटण दाबून ते नव्याने सुरू करावे. घड्याळ भलतीच तारीख दाखवी, आणि त्या तारखेतून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सांगे की शेवटचा हात कोणत्या उपकरणाला लागला होता. तपासाला अन्य साधन नसताना कालमापकाचा रोजनामा करणारी ही बुद्धी आमच्या विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावी अशी आहे.

अशा शेकडो कष्टांतून स्थिती पालटली. पावेल माखेक, नायजेल कनिंगहॅम, राफाएल विसोत्स्की, मॅथ्यू गॅरेट या मंडळींची नावे आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. पुढे सांगलीतल्या मुलांचे अहवाल बचावले ते त्यांच्यामुळे. २००७ मध्ये कर्नलमधील घड्याळाचा सेकंदाला २५० किंवा १००० वेळा पडणारा निरर्थक ठोका गरज नसताना थांबवण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी आलेल्या पॉवरटॉप या साधनाने कोणता कार्यक्रम प्रोसेसरला वारंवार उठवतो हे उघडे पाडले. मार्च २००९ च्या २.६.२९ या कर्नलपासून पडद्याची व्यवस्था प्रथम इंटेलच्या कार्डांपुरती कर्नलने स्वतःकडे घेतली आणि काळ्या पडद्याची फिर्याद झपाट्याने घटू लागली. २०११ मध्ये बॅटरी अकस्मात लवकर संपू लागली, तेव्हा कारण निघाले ते पुन्हा तहनाम्यातलेच : काही यंत्रांचे फर्मवेअर एक वीजबचतीची सोय कागदोपत्री नाकारत होते आणि विंडोज ती नकाराची नोंद वेगळ्या अर्थाने वाचत होते, गॅरेट यांनी तोच अर्थ लिनक्सला शिकवला तेव्हा प्रश्न मिटला. हायबरनेटचे, म्हणजे सारी स्मृती डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद करण्याचे, नशीब मात्र उजळले नाही. उबुंटूने २०१२ मध्ये ते मूळ मांडणीतून काढून टाकले आणि २०१९ नंतर सुरक्षित बूटच्या कडक नियमांखाली अनेक ठिकाणी त्याला बंदीच आली. भारनियमनाच्या प्रदेशाला सर्वांत उपयोगी पडणारी सोय सर्वांत आधी सोडून द्यावी, याचे मला आजही वाईट वाटते.

फर्मवेअरच खुले असते तर काय झाले असते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्यांत लिनक्स होते, मिच ब्रॅडली यांचे ओपन फर्मवेअर होते, आणि पडद्याला स्वतंत्र नियंत्रक असल्यामुळे प्रोसेसर निजलेला असतानाही पानावरील अक्षरे तशीच दिसत राहत. मूल पान वाचत आहे, यंत्र झोपले आहे, अशी ती रचना होती. तीतही उणिवा निघाल्या. पण त्या कोठे आहेत हे पाहण्याचा अधिकार सर्वांना होता. ती यंत्रे बाजारात टिकली नाहीत, याला अन्य कारणे पुष्कळ आहेत.

एस-थ्री लिनक्सवर स्थिरावते न स्थिरावते तोच जमीन सरकली. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने लॅपटॉपने भ्रमणध्वनीप्रमाणे अर्धवट जागे राहावे असा आग्रह धरला, आणि २०१५ च्या विंडोज १० पासून त्याला मॉडर्न स्टँडबाय असे नाव मिळाले. या व्यवस्थेत प्रोसेसर पूर्ण बंद होत नाही. प्रत्येक उपकरण आपापल्या गाढतम अवस्थेला गेले तरच वीज वाचते, आणि एखादी डिस्क किंवा एखादा यूएसबी नियंत्रक जागा राहिला की रात्रभरात बॅटरी रिकामी होते. लिनक्समध्ये यासाठीची एस-टू-आयडल अवस्था २०१३ पासून आहे. परंतु २०१८ मध्ये थिंकपॅड एक्स-१ कार्बनची सहावी पिढी एस-थ्रीवाचून बाजारात आली तेव्हा गिऱ्हाइकांनी एवढी ओरड केली की, लेनोव्होला बायोसमध्ये ‘लिनक्स’ असा पर्याय देऊन ती अवस्था परत आणावी लागली. २०२० नंतरच्या अनेक यंत्रांत तो पर्यायही नाही. साताऱ्याहून कराड, पेठ नाका करीत सांगलीला जाणाऱ्या एसटीत मांडीवरची पिशवी तापू लागावी, आणि उतरल्यावर उघडून पाहावे तो बॅटरी पाच टक्क्यांवर, हा अनुभव आज विंडोजवाल्यालाही येतो, लिनक्सवाल्यालाही येतो. फ्रीबीएसडीसारख्या अन्य मुक्त प्रणालींना तर ही नवी निद्रा आता कोठे साधू लागली आहे.

भारनियमनाचे ते दिवस सरले, पण पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाण्याचे थांबलेले नाही, आणि २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या लोकांनी दिवसच्या दिवस अंधारात काढले. म्हणून आमच्या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांना, शिक्षण संस्थांना आणि जिल्हा परिषदांना माझी विनंती आहे की, लॅपटॉप खरेदीच्या निविदेत एक कलम घालावे : नमुन्याच्या यंत्रावर लिनक्स चालवून, झाकण मिटून ते रात्रभर ठेवले जाईल आणि सकाळी बॅटरी किती उरली ते मोजूनच पसंती दिली जाईल. आणि स्वतःसाठी यंत्र घेणाऱ्या वाचकाने दुकानातच पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून कर्नलच्या ‘सिस’ विभागातील ‘पॉवर’ या कप्प्यात ‘मेम-स्लीप’ नावाची छोटी फाइल उघडून पाहावी. तीत ‘डीप’ हा शब्द असेल तर एस-थ्री तेथे शाबूत आहे, नसेल तर पैसे मोजण्यापूर्वी झाकण मिटून अर्धा तास वाट पाहावी.