विविध संगीतशैलींतील अकौस्टिक गिटारचे स्थान : एक अभ्यास

प्रस्तावना :
महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात गिटार हमखास दिसते. मात्र ‘पाश्चात्य वाद्य’ एवढी नोंद करून तिचा विचार बहुधा तेथेच थांबतो. वस्तुतः वाद्याचे स्थान त्याच्या जन्मभूमीवरून नव्हे, तर वादनपद्धतीवरून ठरते. गोवा, मुंबई व हिंदुस्थानी रागसंगीत या तीन क्षेत्रांच्या आधारे हे स्पष्ट करता येईल.

वाद्याची रचना :
गिटारला आज प्रचलित असलेले रूप एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील अंतोनियो दे तोरेस या कारागिराने दिले. सहा तारा आणि स्थिर पडदे हे तिचे वैशिष्ट्य होय. सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने कोणत्याही स्वरापासून स्वरसंघात वाजविता येतात.

संगतीचे वाद्य :
गोव्यातील मांडो या कोकणी गीतप्रकारात व्हायोलिन व घुमट यांच्या जोडीला गिटार येते. तेथे ती चाल वाजवीत नाही, तर गायनाला स्वरसंघातांचा आधार देते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या गोमंतकीय संगीत संयोजकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात पाश्चात्य स्वरसंवाद रुजविला. तेथे गिटारने लयीची बाजूही सांभाळली.

रागसंगीतातील अडचण व तिचे निराकरण :
रागसंगीतात मात्र हीच रचना अडसर ठरते. षड्ज २४० कंपनांचा मानल्यास तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा असतो. गिटारच्या पडद्यावर तो सुमारे ३०२.४ येतो. शिवाय पडद्यांमुळे दीर्घ मींड घेता येत नाही. पेटीवर घेतला जाणारा आक्षेपही याच स्वरूपाचा आहे.

यावरील उपाय हवाई बेटांच्या वादनपद्धतीत सापडला. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकविण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत पडदे निरुपयोगी ठरतात आणि दोन स्वरांमधील अवकाश वादकास खुला होतो. उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच मार्गाने गिटारला रागसंगीतात प्रतिष्ठा मिळवून दिली. पं. शिवकुमार शर्मा व पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी सादर केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ ची आहे. पुढे पं. विश्वमोहन भट्ट यांनी चिकारी व तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली. राय कूडर यांच्यासमवेत केलेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’साठी त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

निष्कर्ष :
मांडोमध्ये स्वरसंघात, चित्रपटगीतात लय आणि रागसंगीतात मींड अशी गिटारची तीन कार्ये दिसतात. पहिल्या दोहोंत स्थिर पडदे उपकारक ठरतात, तर तिसऱ्यात त्यांना बाजूला सारावे लागते. म्हणून गिटार शिकणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ बोटांची ठेवण शिकवून भागणार नाही. तंबोऱ्यावर गंधार ऐकण्याची सवय लावल्यास हे वाद्य कोठे पुरे पडते व कोठे अपुरे, हे त्याला स्वतःच्या कानांनी उमगेल.