विवाहाच्या वहीत नसलेले पूर्वज

पिंपरी-चिंचवडच्या शेजारी खडकी. १८१७ च्या लढाईनंतर तेथे इंग्रजांची छावणी वसली. पुण्याच्या लष्करात सेंट मेरीज चर्च उभे राहिले. १८२५ साली बिशप हेबर यांनी ते धर्मविधीने पावन केले. त्या काळी छावण्यांतून गोरा शिपाई आणि एतद्देशीय स्त्री लग्नावाचून एकत्र राहत. त्यांच्या वंशजाने आपल्या पूर्वजांचा शोध कसा घ्यावा?

तो प्रथम विवाहाची वही पाहतो आणि नाव न मिळाल्याने खट्टू होतो. पण चर्चची वही संस्काराची नोंद करते, संसाराची नव्हे. म्हणून बाप्तिस्म्याची वही उघडावी. तीत मुलाचे नाव असते, बहुधा बापाचे नाव व पलटणही असते. आईचे मात्र कधी नुसते एकेरी नाव, कधी तेही नाही. त्याच आईबापांची तीन-चार मुले दोन-दोन वर्षांच्या अंतराने आढळली, तर तो संसारच समजावा. पुढे मृत्युपत्रे चाळावीत. वहीत न आलेली बाई कधी कधी तेथे पोटगीच्या कलमात भेटते.

मुंबई इलाख्यातील अशा नोंदींच्या १७०९ पासूनच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. परंतु नकलेत चुका व गळती होतेच. मूळ वही मिळाल्यास ताडून पाहावी.

घाई मात्र करू नये. लग्न कॅथलिक पाद्र्यापुढे लागले असेल, तर अँग्लिकन वहीत ते कोठून सापडणार? वही गप्प आहे, एवढ्यावरून पणजीला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.