मोठ्या नावाची जर्सी, अडकलेले भांडवल

२०२३ च्या ऑगस्ट अखेरीस आमचा भाचा धापा टाकत दुकानात शिरला आणि म्हणाला, "मामू, नेमार आ रहा है!" आम्ही गल्ल्यावर उधारीची वही पाहत होतो. आम्हाला वाटले, अमरावतीचा कोणी वसुलीवाला येतो आहे. मग कळले की हा ब्राझीलचा फुटबॉल खेळाडू, सौदी अरबच्या अल हिलाल क्लबाने त्याच महिन्यात घेतलेला. आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या सोडतीत अल हिलाल व आपला मुंबई सिटी हे दोन क्लब एकाच गटात आले होते. म्हणजे नेमार महाराष्ट्रात खेळणार, आणि निळी १० नंबरची जर्सी हातोहात खपणार, असा त्याचा हिशेब.

आम्ही वलगावात कापड विकतो. खेळाचे आम्हाला फारसे कळत नाही; आमच्याकडे पोरे क्रिकेटच जास्त खेळतात. फुटबॉलचा खरा शौक पाहायचा तर कामठीला जावे. तरी भाच्याच्या शब्दावर आम्ही २५० नग भरले, नग १४० रुपये, एकूण ३५ हजार. क्लबाचा बिल्ला नव्हता, पण पाठीवर नाव आणि आकडा छापलेला होता. त्या मालाचे काय झाले ते पुढे सांगतो. आधी या स्पर्धांचा व्यवहार कसा चालतो ते व्यापारी बांधवांनी पाहावे, कारण अशी स्पर्धा आली की आपल्या बाजारात हीच घाई दरवेळी होते.

दोन वेगळ्या लीगांचे क्लब समोरासमोर आणले की तिकिटे जास्त खपतात, हे जुनेच गणित आहे. मुंबईत १८९१ पासून २००१ पर्यंत रोव्हर्स कप चालला. कलकत्ता, हैदराबाद, बंगलोरचे संघ कूपरेजच्या मैदानावर येत. १९३७ साली तो कप पहिल्यांदा हिंदी संघाने जिंकला, तो बंगलोर मुस्लिम्स. मफतलाल, ऑर्के यांच्यासारख्या कापड गिरण्यांचेही संघ मुंबईत खेळत असत. गिरण्या गेल्या, संघही गेले.

हल्ली हे गणित मोठ्या प्रमाणावर कोणी मांडले असेल तर अमेरिका आणि मेक्सिकोने. हे दोन शेजारी देश. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये कॅनडाचेही काही क्लब आहेत, आणि मेक्सिकोची लीग लिगा एमएक्स. दोघांची चुरस मोठी. २०१९ साली त्यांनी मिळून लीग्ज कप सुरू केला. पहिल्या वर्षी आठच क्लब होते. २०२३ मध्ये दोन्हीकडचे सगळेच्या सगळे ४७ क्लब उतरले आणि महिनाभर दोन्ही लीगांनी आपापले सामने थांबवले. २०२५ मध्ये दोन्हीकडून १८-१८ क्लब घेतले, आणि पहिल्या फेरीचा प्रत्येक सामना या लीगचा क्लब विरुद्ध त्या लीगचा क्लब असाच ठेवला. बरोबरी झाली तर पेनल्टीवर निकाल, जिंकणाऱ्याला दोन गुण आणि हरणाऱ्याला एक. ग्राहकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, असाच हा नियम आहे.

पण सामने कुठे? २०२३, २०२४, २०२५ या तिन्ही वर्षी सारे सामने अमेरिका-कॅनडातच झाले. मेक्सिकोचा क्लब कायम पाहुणा. आणि तिन्ही वेळा कप यजमान लीगच्याच क्लबांनी नेला: मायामी, कोलंबस, सिएटल. तरी मेक्सिकोवाले जातात, कारण त्यांच्या मुलखातून गेलेले कोट्यवधी लोक अमेरिकेत राहतात आणि डॉलर मोजून तिकीट घेतात. आपला फेरीवाला गाठोडे डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावच्या आठवडी बाजाराला जातो, तसेच हे. बाजार परका असला तरी गिऱ्हाईक तिथे आहे.

२०२३ च्या लीग्ज कपातच मेस्सी मायामीकडून पहिला सामना खेळला आणि सात सामन्यांत दहा गोल केले. त्याच्या गुलाबी जर्सीने तिथे कमाई केली. हे आमच्या भाच्याने पाहिले होते. त्याने एक फरक मात्र पाहिला नाही. मेस्सी हा यजमान क्लबाचा खेळाडू, मोसमभर तिथेच राहणारा. नेमार हा आपल्याकडे एका संध्याकाळचा पाहुणा.

आशियाई चॅम्पियन्स लीगचा २०२३ चा कायदा वेगळा होता. गटात तेव्हा चार क्लब असत आणि प्रत्येकाशी एक सामना आपल्या घरी, एक त्याच्या घरी. म्हणजे मुंबई सिटीला महाराष्ट्रात तीनच सामने. अंधेरीचे मैदान आशियाई संघटनेच्या अटींत बसत नसल्याने घर पुण्याच्या बालेवाडीत मांडले. अल हिलालचा सामना तेवढा नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नेला, ६ नोव्हेंबर २०२३ रोजी.

त्याच्या वीस दिवस आधी, १७ ऑक्टोबरला, नेमार ब्राझीलकडून उरुग्वेशी खेळताना पडला आणि डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. इकडे आमच्या दुकानात तोवर ६२ जर्सी २२० च्या भावाने गेल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून एकही नाही. अल हिलाल आला, २-० ने जिंकून गेला. नेमार आला नाही. उरलेल्या १८८ जर्सी कापूस वेचणीच्या मजुरांनी ७० रुपयांना नेल्या. वेचणीला पूर्ण बाहीचे सुती कापड बरे, हे त्यांनाही ठाऊक होते, पण स्वस्त होते म्हणून नेले. हिशेब केला तर ८,२०० रुपये गेले. दोन महिने भांडवल अडकले ते वेगळे.

कारागीर बांधवांसाठी मुद्दा असा की हा माल सब्लिमेशनचा होता. कागदावरची शाई सुमारे २०० अंश उष्णतेने वायू होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. धुऊन जात नाही, उकरून निघत नाही. छपाईचा हा गुण आहे, पण नाव चुकले की तोच दोष होतो. याउलट कोरी जर्सी ठेवावी आणि गिऱ्हाईक समोर उभे राहिले की हीट प्रेसने विनाइलचे नाव चिकटवावे. नगामागे खर्च थोडा वाढतो, पण न खपलेला माल कोरा राहतो आणि कोरा माल पुढच्या मोसमातही जातो.

दुसरी गोष्ट कायद्याची. क्लबाचा बिल्ला हा ट्रेडमार्क असतो. खोटा ट्रेडमार्क लावण्याला १९९९ च्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. आम्ही बिल्ला लावला नव्हता, पण नाव तरी कुठे आमचे होते? ती आमची चूक, आम्ही कबूल करतो. साधा निळा शर्ट विकायला कोणाची परवानगी लागत नाही.

या गटात आमचे मन मात्र दुसऱ्याच क्लबाने वेधले. १८ सप्टेंबर २०२३ रोजी बालेवाडीत इराणचा नस्साजी माझंदरान खेळला आणि २-० ने जिंकला. उर्दू शाळेत शिकलेल्याला हे नाव वाचून थबकायला होते. नस्साज म्हणजे विणकर, नस्साजी म्हणजे विणकाम. कास्पियन समुद्राकडच्या कायमशहर या कापड गिरण्यांच्या गावचा हा क्लब, १९५९ सालचा. २०२२ मध्ये इराणचा हजफी कप जिंकून तो आशियात आला. आपल्या मुंबईच्या गिरणी संघांची नावे पुसली गेली आणि विणकरांच्या नावाचा संघ पुण्यात येऊन जिंकून गेला, हे आम्हाला भाच्यानेच दाखवले.

मुंबई सिटी त्या मोसमात सहाही सामने हरला. पण त्याच क्लबाने २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबाला २-१ ने हरवले होते, आणि त्या स्पर्धेत भारतीय क्लबाचा तो पहिलाच विजय होता. विजयी गोल राहुल भेके या मुंबईच्याच पोराचा. त्या वेळी त्याच्या नावाची जर्सी आमच्या बाजारात कोणी मागितली नाही, आणि आम्हीही ठेवली नाही.

२०२५ साली पुन्हा तेच घडले. आशियाच्या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेत एफसी गोवा आणि अल नस्र एका गटात आले, म्हणजे रोनाल्डो फातोर्ड्याला येणार. भाच्याने विचारले, "मामू, पिवळा माल भरायचा का?" आम्ही म्हटले, पिवळा भर, पण कोरा. २२ ऑक्टोबरला अल नस्र गोव्यात २-१ ने जिंकला. रोनाल्डो विमानातही बसला नव्हता. आमच्याकडे ८० कोऱ्या पिवळ्या जर्सी शिल्लक होत्या. डिसेंबरात गावच्या पोरांच्या स्पर्धेसाठी त्या गेल्या, पाठीवर त्यांची स्वतःची नावे चिकटवून. एकाने मात्र रोनाल्डोच लिहून घेतले.