लेखांक ११ : खिरापतीचं गुपित

कोजागरीच्या खेळांवर या वेळी लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, आणि त्याचा दोष एका पत्राकडे जातो. नाशिककडच्या एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाई लिहितात, "भोंडल्याला तुम्ही सांगितलात तसा खुर्च्यांचा फेर मांडला. हत्तीचा पाट टीपॉयवर ठेवला. गाणी तर अशी रंगली, की एरवी मुलाचं नाव न आठवणाऱ्या आजी कडव्यांमागून कडवी म्हणत होत्या. पण खिरापत ओळखायची वेळ आली आणि सगळ्या गप्प. 'ओळखा ना, ओळखा ना' म्हणून मी दमले, शेवटी मीच झाकण उघडलं. काय चुकलं?"

पत्र वाचलं आणि कोजागरीचं टिपण बाजूला सारलं. भोंडल्याच्या गाण्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, खिरापतीवर कुणी चार ओळी लिहीत नाही. माझा तर भोंडल्याशी पहिला संबंधच खिरापतीपुरता. बहिणींचा फेर संपेपर्यंत आम्ही पोरं ओट्यावर दबा धरून बसायचो. गाण्यांशी आम्हाला देणंघेणं नव्हतं, फक्त गाणी किती उरली ते मोजत असू. पहिल्या दिवशी एक गाणं नि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा, हा जुना हिशेब. हल्ली नवरात्राच्या नऊ दिवसांवर किंवा एकाच संध्याकाळवर भागतं. विदर्भ-खानदेशात भुलाबाई बसवतात, तिथेही गाणी झाली की खाऊ ओळखायचाच.

बाईंना फोन करून दोन प्रश्न विचारले. डब्यात काय होतं? भडंग. आणि डबा? स्टीलचा, कडीचा, स्वयंपाकघरातला मोठा.

इथेच पहिली गोम आहे. वय वाढतं तसा कान आधी बारीक, उंच आवाज सोडून देतो. जाड, खालचे आवाज बरेच दिवस साथ देतात. चुरमुऱ्यांची सळसळ ही नेमकी त्या पहिल्या जातीतली. म्हणजे निम्म्या जणींना डब्यातून काहीच ऐकू आलं नसणार. आणि ज्यांनी कानाचं मशीन लावलं होतं, त्यांच्या कानात स्टीलचा तो खणखणाट असा घुसला असणार की त्यांनी कानावर हातच ठेवला असेल. बाई म्हणाल्या, "हो, दोघींनी ठेवला."

नाकाचीही तीच कथा. साठी-सत्तरीनंतर वास कमी होत जातो, पार्किन्सन आणि अल्झायमरमध्ये तर तो फार आधी जातो. आपण झाकण किलकिलं करून "घ्या वास" म्हणतो, समोरची व्यक्ती ओशाळून हसते. हा खेळ झाला की परीक्षा?

माझ्याकडे त्यासाठी अर्ध्या किलोचे, हलके, घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे चार डबे आहेत. डबा मी स्वतः वाजवत नाही, मांडीवर देतो. दोन्ही हातांत धरून तिरका केला की आतला लाडू गडगडत जाऊन ठक्कन आपटतो. तो कानाला नाही कळला तरी तळव्यांना कळतो. वडी घसरते, करंजी खुळखुळते, शिरा हलतच नाही आणि न हलणं हीसुद्धा खूणच. सांध्यांनी आखडलेल्या बोटांना एवढंच वजन झेपतं. एका आश्रमात जन्मभर किराणा दुकान चालवलेले एक आजोबा होते. पुरुषांनी भोंडल्यात काय करायचं, असं म्हणत ते लांब बसायचे. एकदा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नुसता तोलला आणि म्हणाले, "पावशेर आहे. ओलं आहे. गूळ घातलाय." गुळाचं कसं कळलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ते फेराच्या आधी येऊन बसले.

आता डब्यात काय घालायचं. खिरापत म्हणजे मुळात खोबरं-साखर, फार तर पाच 'ख' : खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर, खिसमिस. परंपरेचा मान राखायला मी पहिल्या वर्षी एका आश्रमात हेच केलं आणि चांगलाच घाबरलो. कोरडा कीस तोंडात गोळा होत नाही, घशात विखुरतो. अर्धांगवायूतून उठलेले एक गृहस्थ गप्पांच्या नादात मोठा घास घेऊन बसले आणि त्यांना ठसका लागला. मी पाण्याचा पेला घेऊन धावलो. तिथल्या मावशींनी मला हातानेच अडवलं, त्यांना पुढे वाकवलं आणि खोकू दिलं. जोरात खोकला येतो आहे तोवर तोच घसा मोकळा करतो, अशा वेळी पाणी पाजणं हा उलटा धोका. खोकता येईना, आवाज फुटेना, तरच पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताचे जोरदार धपके द्यायचे, तेवढ्याने अडकलेलं सुटलं नाही तर पोटावर दाब, आणि एकाने लगेच डॉक्टरांना किंवा अँब्युलन्सला फोन करायचा. हे माहीत असलेला माणूस हजर नसेल तर खिरापत काढूच नये, या मताचा मी तेव्हापासून आहे.

तर खोबरं-साखर, दाणे, चुरमुरे, चिवडा, चिक्की बाद. उकडीच्या मोदकावर माझा जीव आहे, पण त्याची पारी कवळीला आणि टाळूला चिकटते, तेव्हा तोही बाद. चालतं ते ओलसर, मऊ, न चिकटणारं : खांडवी, तवसळी, दुधीचा हलवा, भरपूर दूध घातलेला सांजा, तांदळाची उकड. ज्यांचं अन्न डॉक्टरांनी मुद्दाम वाटून द्यायला सांगितलं आहे, त्यांच्यासाठी त्यातलंच वाटून, तशाच वाटीत. सगळ्यांना खांडवी आणि एकालाच केळं, असं पंगतीत करू नये. मधुमेहाचं म्हणाल तर खिरापत हेच त्या दिवसाचं चारचं खाणं, जादा नव्हे, आणि ते लांबवायचं नाही. इन्शुलिन घेतलेल्या बाईला सोळा गाणी संपेपर्यंत उपाशी ठेवाल तर चक्कर गाण्यांनी नाही, साखर उतरून येईल. मी चार गाण्यांनंतर डबा काढतो. उरलेली गाणी तोंड पुसून.

हे सगळं फोनवर सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. मग मी तिसरा प्रश्न विचारला : खिरापत ठरवली कुणी?

"मीच. स्वयंपाकाच्या ताईंना सांगून."

तिथे खरी चूक. कान, डबा, चुरमुरे हे सगळं दुय्यम. आठवून बघा, खिरापतीत खरी मजा कुणाची? ओळखणाऱ्यांची नव्हे, आणणारीची. जिची खिरापत कुणाला ओळखता आली नाही, ती पुढचे आठ दिवस मिरवायची. घरोघरी आया त्यासाठी आठवणीतले पदार्थ उकरून काढत. मुलगी शाळेतून येताना ओठ घट्ट मिटून यायची, न जाणो तोंडातून निसटलं तर. आपण आश्रमात हे उलटं केलं. गुपित आपल्याकडे ठेवलं आणि आजींना फक्त उत्तरं द्यायला बसवलं.

वृद्धाश्रमात माणसाचं काहीच झाकलेलं राहत नाही. गोळी घेतली का, पोट साफ झालं का, रात्री किती वेळा उठला, सगळं कुणाच्या तरी वहीत असतं. तिथे कुणाला आठ दिवसांसाठी एक गुपित द्या आणि चेहरा बघा.

म्हणून मी दोन-दोन खोल्यांची जोडी करतो. चार जणींनी पदार्थ ठरवायचा आणि स्वयंपाकघरात कानात सांगायचा. आतून फक्त पथ्याची आणि मऊपणाची अट येते, नाव त्यांचंच. निवडायला, वळायला त्या बसूनच हात लावतात, गॅसपाशी नाही. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई (त्यांना आजी म्हटलेलं खपत नाही, 'बाई' म्हणायचं) आठवडाभर स्वयंपाकघराच्या दारात पहारा देत होत्या.

एकदा एका खोलीतल्या आजींची स्मृती बरीच गेलेली. मैत्रिणी धास्तावल्या, ही फोडणार. आणि तिने फोडलंच! दुपारपासून भेटेल त्याला सांगत सुटली, "सांदण आहे, सांदण." कुणी मनावर घेतलं नाही. आश्विनात सांदण कुठून, फणस-आंबे केव्हाच सरले. संध्याकाळी डबा फिरला. ढोकळा झाला, इडली झाली, रव्याचा केक झाला. झाकण उघडलं तर पिवळंधमक सांदण. ताईंनी डबाबंद आमरस आणून ठेवला होता. सगळ्यांत जास्त हसल्या त्या आजीच. "मी सांगत होते," त्या म्हणाल्या.

नाशिकच्या बाईंचा परवा निरोप आला. त्यांच्याकडच्या दोन खोल्यांमध्ये या प्रकरणावरून बोलणं बंद आहे. मी त्यांना अभिनंदन कळवलं.

कोजागरी पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर वाचकांनी एक करावं. मऊ, न चिकटणाऱ्या आणि चटकन ओळखू न येणाऱ्या खिरापतींची नावं कृतीसह पाठवावीत. खांडवी आणि तवसळी सोडून. त्या आमच्याकडे आता सगळ्यांना पाठ झाल्या आहेत.