'विल हॅव' म्हणजे लांबचे भविष्य नव्हे

इंग्रजीतला फ्युचर परफेक्ट म्हणजे लांबच्या भविष्याचा काळ, हा समज बराच पसरलेला आहे. उद्यापरवाचे असेल तर 'विल', त्यापुढचे असेल तर 'विल हॅव', अशी वाटणी करून विद्यार्थी मोकळे होतात. खरे तर या काळाला अंतराशी काही देणेघेणे नाही. पाच मिनिटांनंतरच्या गोष्टीला तो चालतो आणि पन्नास वर्षांनंतरच्याही. त्याला हवा असतो पुढचा एक ठरलेला क्षण. त्या क्षणी काम उरकलेले असेल, एवढेच तो सांगतो. हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ सालच्या आपल्या ग्रंथात काळांचा उलगडा तीन वेळांवरून केला: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ आणि जिथे उभे राहून घटनेकडे पाहायचे ती वेळ. फ्युचर परफेक्टमध्ये ही तिसरी वेळ पुढची असते आणि घटना तिच्या आधीची. मात्र घटना आजच्या आधीची की नंतरची, हे तो काळ सांगतच नाही. 'शी विल हॅव सबमिटेड द फॉर्म बाय फ्रायडे' हे वाक्य तिने फॉर्म कालच भरला असला, तरी खोटे ठरत नाही.

यावर आक्षेप येतो की इंग्रज माणूससुद्धा 'आय विल फिनिश बाय फाइव्ह' असेच म्हणतो, मग हा खटाटोप कशाला? आक्षेप रास्त आहे. तिथे 'बाय' मुदत सांगून टाकतो, त्यामुळे साध्या 'विल'वर भागते. पण 'व्हेन यू अराइव्ह, वी विल ईट' आणि 'व्हेन यू अराइव्ह, वी विल हॅव ईटन' ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात पाहुण्याचे पान वाढलेले आहे. दुसऱ्यात त्याने बाहेरूनच जेवून आलेले बरे! इथे साधा 'विल' घातला तर निरोपच बदलतो.

आपल्याकडच्या चुका मात्र बहुतेक मराठीच्या वळणाने होतात. 'तू पोहोचशील तेव्हा' असे आपण भविष्यकाळातच म्हणतो, म्हणून 'बाय द टाइम यू विल रीच' लिहिले जाते. इंग्रजीत त्या पोटवाक्यात वर्तमानकाळच हवा: 'बाय द टाइम यू रीच'. 'पाच वाजेपर्यंत' हा आपला एकच शब्दप्रयोग 'बाय' आणि 'टिल' या दोहोंचे काम करतो. इंग्रजीत काम संपण्याची मुदत 'बाय'ने सांगतात, काम चालू राहण्याची मर्यादा 'टिल'ने. 'विल हॅज' तर कधीच होत नाही. कर्ता कोणीही असो, 'विल'पुढे 'हॅव' आणि क्रियापदाचे तिसरे रूप. काम त्या क्षणीही चालूच असेल, तर 'हॅव बीन'पुढे 'इंग'चे रूप येते: २०२० साली नोकरीला लागलेल्या शिक्षिकेबद्दल 'इन २०३० शी विल हॅव बीन टीचिंग फॉर टेन इयर्स' म्हणता येते, पण ओळखीला दहा वर्षे होणार असतील तर 'विल हॅव नोन' म्हणायचे. 'नो'सारखी स्थितिदर्शक क्रियापदे सहसा 'इंग' घेत नाहीत.

आणखी एक समज असा, की 'द ट्रेन विल हॅव लेफ्ट बाय नाउ' हे चूक, कारण गाडी भविष्यात सुटायची नाही. वाक्य शुद्ध आहे. इथे 'विल' अंदाज सांगतो. 'गाडी एव्हाना सुटली असेल' म्हणताना आपणही भविष्यकाळी 'असेल' वापरून झालेल्या गोष्टीचा अदमासच घेत असतो. त्यामुळे परीक्षेत 'विल हॅव' लिहिण्याआधी वाक्यातला तो ठरलेला क्षण बोट ठेवून दाखवता येतो का, ते बघा. क्षणही नसेल आणि अंदाजही नसेल, तर साधा 'विल' लिहा.