घरी परतलेला सैनिक : फिलिप मार्टिन

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, विन्स्टन परगण्यात, नानिह वैया नावाचे मातीचे एक टेकाड आहे. उंची जेमतेम 25 फूट. वाटसरूने मान वळवूनही पाहू नये असे. परंतु त्या प्रदेशाचे मूळ रहिवासी जे चॉक्टॉ लोक, ते त्याला आपली माता मानतात. त्यांचे पूर्वज पश्चिमेकडून एक पवित्र काठी घेऊन निघाले. रात्री रोवलेली काठी सकाळी ज्या दिशेला कललेली दिसे, तिकडे ते चालू लागत. आणि ती जेथे सरळ उभी राहिली, तेथेच त्यांनी बरोबर वाहून आणलेल्या मृतांच्या अस्थी पुरल्या, अशी कथा आहे. दुसरी कथा सांगते, की चॉक्टॉ लोक तेथील भूगर्भातूनच वर आले. यांतली कोणतीही कथा घ्या; अशा लोकांना त्या भूमीतून उठवणे म्हणजे काय, याची कल्पना तीवरून यावी.

1830 च्या सप्टेंबरात डान्सिंग रॅबिट क्रीक येथे झालेल्या तहाने तेच घडले. हजारो चॉक्टॉंना मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात धाडण्यात आले; थंडीने, उपासमारीने आणि पटकीने कित्येक जण वाटेतच मेले. तहाच्या 14 व्या कलमाप्रमाणे मागे राहू इच्छिणाऱ्यांस जमीन मिळावयाची होती. पण ज्या सरकारी अधिकाऱ्याने त्यांची नावे नोंदवून घ्यावयाची, त्याने बहुतेकांची नोंदच केली नाही. मागे राहिलेले लोक आपल्याच पूर्वजांच्या भूमीत परक्याची कापसाची शेते अर्धेलीने कसू लागले.

याच लोकांत 13 मार्च 1926 रोजी फिलिप मार्टिन यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मिसिसिपीत तेव्हा चॉक्टॉ मुलांसाठी एकही माध्यमिक शाळा नव्हती, म्हणून दूर नॉर्थ कॅरोलिनातील चेरोकी येथील निवासी शाळेत त्यांना जावे लागले. तेथून ते 1945 साली लष्कराच्या हवाई दलात भरती झाले आणि युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपात जाऊन पोचले. उकिरड्यातून अन्नाचे तुकडे वेचणारी माणसे त्यांनी तेथे पाहिली. पुढे तीच माणसे विटेवर वीट रचून आपली शहरे पुन्हा उभारताना दिसली. हे लोक उठू शकतात, तर चॉक्टॉ का नाही, हा प्रश्न त्यांनी तेथून सोबत आणला.

1955 मध्ये लष्कर सोडून ते परतले, 1957 मध्ये जमातीच्या समितीवर निवडून आले आणि 1959 मध्ये तिचे अध्यक्ष झाले. त्या काळी मूळ रहिवाशांच्या तरुणांना रोजगारासाठी मोठ्या शहरांत नेऊन वसवण्याची सरकारी योजना चालू होती. पोटासाठी शिकागोला गेलेल्या तरुणाची मुले कोणती भाषा बोलणार? वारसा म्हटला की जुन्या वस्तू, पोशाख, नृत्ये डोळ्यांपुढे येतात. मार्टिन यांना त्यांचे वावडे नव्हते. 1949 पासून भरणारी चॉक्टॉ जत्रा व तीतला काठ्यांनी चेंडू झेलण्याचा प्राचीन खेळ हा जमातीचा अभिमान होताच. पण भाषा टिकायची तर ती बोलणारी माणसे गावात राहिली पाहिजेत, आणि ती राहायची तर गावात काम पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

1973 मध्ये जमातीने उद्योगांसाठी जागा तयार केली. ती कित्येक वर्षे ओसच पडली. कारखानदारांना पत्रांमागून पत्रे गेली. अखेर 1979 मध्ये मोटारींसाठी विजेच्या तारांच्या जुडग्या बनवण्याचे काम मिळाले. त्याच वर्षी मार्टिन जमातप्रमुख झाले. 1981 पासून शुभेच्छापत्रांचा कारखाना चालू झाला. 1994 मध्ये उघडलेल्या जुगारगृहावर टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. मात्र कारखाने त्याच्या दीड दशक आधीचे आहेत, हे टीकाकार सहसा विसरतात.

मुलांवरील हक्काचा प्रश्न याहून नाजूक होता. 1985 मध्ये एका चॉक्टॉ जोडप्याला राखीव वसाहतीपासून सुमारे 200 मैलांवर जुळी मुले झाली आणि ती तेथेच एका गोऱ्या कुटुंबाला दत्तक दिली गेली. जमात न्यायालयात गेली. मुले वसाहतीबाहेर जन्मली असली तरी त्यांचे घर आईबापांचेच, आणि दत्तकाचा निर्णय जमातीच्या न्यायालयानेच करावयाचा, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये दिला. आणि मग त्या जमातीच्या न्यायालयाने काय केले? मुले दत्तक आईकडेच ठेवली. केवळ आप्तांशी आणि जमातीशी त्यांचा संबंध राहावा, अशी तजवीज केली. सारे भांडण मुले ओढून आणण्यासाठी नव्हते. त्यांच्याविषयी निर्णय कोणी घ्यावयाचा, यासाठी होते.

2007 च्या निवडणुकीत मार्टिन पराभूत झाले. पुढल्याच वर्षी, 2008 मध्ये, पूर्वी राज्य सरकारच्या ताब्यात असलेले नानिह वैया जमातीला परत मिळाले. 2009 मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि 4 फेब्रुवारी 2010 रोजी ते वारले. दरवर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी चॉक्टॉ लोक त्या टेकाडापाशी जमतात आणि मुलांना काठीची व अस्थींची कथा सांगतात.