अर्ज नाही, प्रचार नाही, तरी निवडणूक होते

सोनोरा-६४, लर्मा रोजो ही मेक्सिकन गव्हाची नावे आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवतात. त्या वाणांमागचे शास्त्रज्ञ डॉ. नॉर्मन बोरलॉग हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या वस्तीत वाढले. ही वस्ती लुथरन पंथाची. नॉर्वे, स्वीडन, जर्मनी इकडून आलेल्या या लोकांनी आयोवा, मिनेसोटा, डाकोटा भागात आधी जमीन मोडली आणि लगोलग चर्च उभे केले. मका-सोयाबीनच्या त्या मुलखात लांबून गाव ओळखायचे ते दोन खुणांवरून, धान्याची उंच कोठारे आणि चर्चचा मनोरा.

धर्म त्यांचा, आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. पण त्यांची विभागीय सभा ज्या रीतीने भरते ती सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायतीच्या अधिकारी मंडळींनी समजून घेण्यासारखी आहे.

तिथल्या लुथरन संस्थांमध्ये सर्वांत मोठी म्हणजे इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका. तीन संस्था एक होऊन १ जानेवारी १९८८ पासून तिचा कारभार सुरू झाला, तेव्हा देशाचे ६५ विभाग पाडले. विभागाला सिनॉड म्हणतात. गावच्या चर्चचे सभासद म्हणजे मंडळी. प्रत्येक मंडळीने सिनॉडच्या सभेला किमान दोन प्रतिनिधी पाठवायचे, एक पुरुष आणि एक बाई. मतदान करणाऱ्यांत निदान ६० टक्के लोक पाळक नसलेले, म्हणजे शेतकरी, शिक्षक, दुकानदार, नर्स असे साधे सभासद असले पाहिजेत आणि त्यांत निम्म्या बायका असाव्यात, असा नियमच आहे. १९९२ साली विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस भागाच्या सिनॉडने एप्रिल लार्सन यांना बिशप म्हणून निवडले. या संस्थेतल्या त्या पहिल्या महिला बिशप.

आता आपल्याकडे बघा. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत जो आकडा कमी तेवढी गणपूर्ती लागते. तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. महिलांची सभा आधी घ्यावी असा कायदा आहे. ती कुठे होते आणि कुठे नुसती रजिस्टरवर होते, हे खेड्यात काम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

तिकडे जाणाऱ्या सभासदाला सभेचे कागद आधीच मिळतात. त्यात अंदाजपत्रक, ठराव, मागचा अहवाल सगळे असते. वाचून यायचे. सभागृहात बोलायचे तर माइकपाशी रांगेत उभे राहायचे, ठरलेल्या मिनिटांत आटपायचे. या पद्धतीमागे हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनिअरचे १८७६ सालचे पुस्तक आहे. गंमत अशी की, गड्याला एकदा चर्चचीच सभा चालवायला बसवले होते. सभा हाताबाहेर गेली, त्यातून त्याने सभेच्या नियमांचा अभ्यास सुरू केला!

खरी बघण्यासारखी गोष्ट बिशपची निवडणूक. मुदत सहा वर्षांची. उमेदवारी अर्ज नाही, पॅनेल नाही. पहिल्या फेरीत कोऱ्या चिठ्ठीवर ज्याला जो पाळक लायक वाटेल त्याचे नाव लिहायचे. त्याच फेरीत निवडून यायला तीन चतुर्थांश मते लागतात, ती सहसा कुणाला पडत नाहीत. ज्याला जबाबदारी नको तो स्वतःचे नाव काढून घेतो. मग सर्वाधिक मतांची थोडीच नावे उरतात, त्यांचे म्हणणे सभा ऐकते, पुन्हा मतदान. नावे कमी होत होत दोनवर येतात. आता कुजबूज तिथेही होत असणार, माणसे तीच! पण जेवणावळी घालायला उमेदवार तर आधी ठाऊक पाहिजे ना?

तंटा नाही असेही नाही. २००९ साली मिनीॲपोलिस येथील राष्ट्रीय सभेने समलिंगी जोडीदारासोबत निष्ठेने राहणाऱ्यांना पाळक होण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर शेकडो मंडळ्या संस्थेतून बाहेर पडल्या, खेड्यापाड्यांतल्या कितीतरी. सख्ख्या भावांची चर्चे वेगळी झाली. तरी बाहेर पडायलाही नियम आहे. मंडळीने सभा घेऊन दोन तृतीयांश मतांनी ठराव करायचा, आणि निदान ९० दिवस जाऊ दिल्यावर दुसरी सभा घेऊन पुन्हा तेवढ्याच बहुमताने करायचा. रागाच्या भरात उठून जाता येत नाही. आपल्याकडे सोसायटी फोडायला एक रात्र पुरते.

या सभांच्या निमित्ताने बायकांचे कामही दिसते. मंडळ्यांतल्या बायका कापडाच्या तुकड्यांच्या गोधड्या शिवतात आणि १९४५ साली स्थापन झालेल्या लुथरन वर्ल्ड रिलीफमार्फत त्या युद्धाने, भूकंपाने उघड्यावर पडलेल्यांना जातात. आपल्या आयाबायांना हे काम शिकवायला नको.

मात्र गावे तिकडचीही ओसरत आहेत. १९८० नंतरच्या दशकात कर्जाने कितीतरी शेते लिलावात गेली, यंत्रे मोठी झाली आणि शेते थोड्यांच्या हाती आली. एका पाळकाने दोन-तीन गावची चर्चे सांभाळायची, असे बऱ्याच ठिकाणी चालते. सभेत शहरी मंडळीला संख्येप्रमाणे जास्त प्रतिनिधी मिळतात, पण तीस माणसांच्या गावालाही दोन मते आहेतच. चर्च बंद करायची वेळ आलीच, तर तो ठराव गावच्या उरलेल्या सभासदांनी आपल्याच सभेत करायचा असतो. मग इमारत आणि जागा सिनॉडकडे जाते.